दिवेलागणीआधीचं विमान

भिसेगाव, कर्जत
१५ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार वगैरे गृहीत धरा. पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर गप्प बसण्यात आपण दोघंही पटाईत, आणि मधल्या मधे सुंदरा आत्याची ओढाताण होते. तिला म्हणावं, तिचा भाचा अजून मराठी लिहू शकतो.

काम एवढंच आहे. माळ्यावर तुमची मखरं कापायची लांब पोलादी पट्टी असेल. गणपतीच्या दिवसांत कोणी ती ओलांडली तरी तुम्ही खेकसायचात, ती. मला ती हवी आहे. गावातला विकास टेंपो घेऊन शनिवारी कर्जतच्या बाजाराला येतो, त्याच्याकडे द्या. थर्माकोलवर बंदी आल्यापासून ती नुसती पडूनच असणार.

कशाला हवी ते तुम्ही विचारणार नाही, तरी सांगतो. मी विमान बनवतोय. रिमोटवर उडणारं, हवेत कोलांट्या मारणारं, पोट वर करून उडणारं. विकतचा सांगाडा नाही, पहिल्या रेघेपासून स्वतः कापलेलं. फोमबोर्डचं. फोमबोर्ड म्हणजे तुमच्या थर्माकोलचा शिकलेला भाऊ, मधे फोम आणि दोन्ही अंगांना कागद. हुजैफा, माझ्याबरोबर शाळेत होता तो, आता स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्त करतो, त्याने हा नाद लावला. भातं कापून झाली की त्याच्या चुलत्यांच्या मोकळ्या शेतात रविवारी आम्ही चार टाळकी जमतो. सोनाली म्हणते, घोडे झाले तरी खेळणी सुटत नाहीत.

आधी माझ्याकडे एक तयार विमान होतं. ते दिवाळीच्या आधी गेलं. उन्हं उतरली होती, पण उजेड होता. निदान बाकीच्यांना तरी होता. मी क्षणभर खाली रिमोटकडे बघितलं आणि मान वर केली, तर आकाश रिकामं. हुजैफा ओरडत होता, "अरे समोर तर आहे, वडाच्या वर! ओढ, ओढ!" मी ओढलं, पण काय ओढतोय ते मला कळत नव्हतं. वडापलीकडून पडल्याचा आवाज आला. सगळे हसले, मीही हसलो. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

बाकी ठीक. सोनालीला गरम गोंदाचा वास सहन होत नाही, म्हणून मी बाहेर गॅलरीत बसून चिकटवाचिकटवी करतो. ती तुम्हाला नमस्कार सांगत नाही. सांगावा असं तुम्ही काही केलेलंही नाही.

पट्टी तेवढी पाठवा.

हर्षद


भिसेगाव
८ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

पट्टी मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळी बांधलेली, वर आत्याच्या अक्षरात माझं नाव. आत तुमची एक ओळ नाही. पट्टीला तेल मात्र चोपडलेलं, गंजाचा ठिपका शोधून सापडणार नाही. माझी बोटं तेलकट झाली आणि मला असा राग आला म्हणून सांगू! न बोलता काहीतरी चांगलं करून ठेवायचं आणि समोरच्याला भांडायची सोय ठेवायची नाही, ही तुमची जुनी खोड.

पंख तयार झाला, आणि दुसऱ्यांदा तयार झाला. पहिला मी गॅलरीत उघडा ठेवला होता. सकाळी दवाने कागदाला फोड आले आणि सगळा पंख पापडासारखा वेडावाकडा झाला. तुम्ही मखराचे तुकडे घोंगडीखाली का झाकून ठेवायचात ते इतक्या वर्षांनी कळलं. हुजैफाने दुकानातून उरलेली चिकटपट्टी आणून दिली, आता कडा बंद करून ठेवतो.

पंखाच्या मागच्या काठाला हलती पट्टी लागते. एका बाजूची वर आणि दुसरीची खाली गेली की विमान हवेतल्या हवेत लोळण घेतं. कसरतीच्या विमानाला ही पट्टी चांगली रुंद हवी. तिची बिजागरी मी तुमच्या मखराच्या कमानीसारखीच केली. वरचा कागद कापायचा, फोम कापायचा, खालच्या कागदाला पातं लागू द्यायचं नाही. "खालच्या कागदाला दुखवू नको रं," असं म्हणायचात. मी बरेचदा दुखवला, मग हात बसला. काडेपेटीएवढ्या मोटरी या पट्ट्या हलवतात आणि मधे सायकलच्या चाकाच्या तारा जोडल्यात. धड माशासारखं चपटं, तोंडाशी मोठी मोटर आणि पंखा. असं सगळं आहे.

रंग म्हणाल तर वरून भडक केशरी आणि खालून काळे-पांढरे पट्टे, तळहाताएवढे रुंद. हुजैफा म्हणाला, "हे विमान हाय का रेल्वेचं फाटक?" मी म्हटलं, उठून दिसतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग दुसरंच काही बोलू लागला.

मोटरसायकल सध्या वापरत नाही. खोपोलीला कंपनीत लोकलनेच जातो, आणि सेकंड शिफ्ट बदलून घेतली. साहेबांना सांगितलं, घरी अडचण आहे.

एक सहज विचारायचं होतं. दिवे लागले की आपल्या घरच्या पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही, हा म्हसोबाचा नेम नक्की कोणी सुरू केला? लडकू आजोबांनी, की त्यांच्याही आधीच्यांनी? थंडीत गावात वालाच्या शेंगांची पोपटी लागायची, मडकं उपडं घालून पाला पेटवायचे, सगळं गाव शेकोटीला, आणि आपल्या घरचे पुरुष दाराला कडी लावून आत. पोरं मला चिडवायची, "तुज्या बापाला म्हसोबा धरतो रं!" मला खरंच वाटायचं की धरतो.

लग्नाचा विषय मी काढत नाही. नेरळच्या हॉलमध्ये गोरज मुहूर्त होता, तुमची खुर्ची रिकामी होती आणि सोनालीचे वडील व्याह्यासाठी घेतलेली शाल मांडीवर घेऊन शेवटची पंगत उठेपर्यंत बसले होते, हे मी काढतच नाही. "नेम हाय, येता येनार नाय," एवढा तुमचा निरोप. हॉलमधल्या प्रत्येकाने त्याचा एकच अर्थ घेतला, की पोरगी आपल्यातली नाही म्हणून बाप फिरकला नाही. मीही तोच घेतला, आणि त्या दिवसापासून घरी आलो नाही.

नेमाचं मात्र कळवा.

हर्षद


भिसेगाव
३० डिसेंबर २०२४

ती. बाबा,

चष्म्याचा नंबर बदललेला नव्हता.

मागच्या पत्रांत मी बरंच गाळलं. मोटरसायकल वापरत नाही, कारण पळसदरीच्या वळणावर ती घेऊन मी रस्त्याकडेच्या खडीत गेलो. समोरून कोणी नव्हतं. रस्ता होता तिथे मला रस्ता दिसलाच नाही, एवढंच. गुडघा फुटला. सोनालीला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. तिने गुडघ्याला हळद लावली आणि म्हणाली, "कुत्रं नव्हतं. जिन्यावर पण तू हल्ली भिंत चाचपतोस." मग तिनेच पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

अंधाऱ्या खोलीत एका यंत्रात तोंड घालून बसवतात. आत बारीक ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. माझी समजूत की मला सगळे ठिपके दिसताहेत. नंतर त्यांनी कागद समोर धरला. मधे एक पांढरा गोल आणि भोवती सगळं काळं. म्हणाल्या, आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं जातं, मधला गोल उरतो आणि तोही लहान होत जातो. औषध नाही. किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. हा आजार घराण्यातून येतो.

"घरात आणखी कोणाला?" त्यांनी विचारलं. मी ताडकन नाही म्हणालो. "संध्याकाळी अडखळणारं, अंधार पडल्यावर बाहेर न जाणारं कोणी?" आणि बाबा, मला हसू आलं, आणि आलं ते थांबेचना. बाई घाबरल्या, पाणी मागवलं. त्यांना मी काय सांगणार, की आमच्या घरात ह्या आजाराला म्हसोबा म्हणतात?

परत येताना सगळं आठवत गेलं. बाजूने कोणी गेलं तर तुम्ही बघायचा नाहीत आणि लोक म्हणायचे, मखरवाल्याला माज चढलाय. देवळातून येताना आई नेहमी तुमच्या एक पाऊल पुढे चालायची आणि वाटेत काही असलं की उगाच बोलायची, "गोटा केवढा हा, कोनी टाकला." मला वाटायचं, तिला बडबडायची सवय आहे. ती गेल्यावर तुम्ही देवळात जाणंच सोडलंत. पट्टीवरही अक्षर आत्याचंच होतं. म्हणजे ही पत्रंसुद्धा आत्याच वाचत असणार. आत्या, काही गाळू नकोस. जसं आहे तसं वाच.

सोनालीला दिवस गेले आहेत. गोंदाचा वास सोसत नव्हता तो त्यामुळे. बाळालाही हे येऊ शकतं, येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला भीती वाटते. तुम्हाला एरवी हे कधी सांगितलं नसतं, पण फार भीती वाटते.

तेव्हा आता एकच सांगा. त्या दिवशी तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून तुम्ही आला नाहीत, की सोनालीमुळे आला नाहीत? एका ओळीत लिहा. माझ्या डोक्यात रात्रंदिवस हेच आहे.

हर्षद


भिसेगाव
१९ जानेवारी २०२५

ती. बाबा,

उत्तर आलं नाही. विकासला विचारलं, तर म्हणतो, "काका बरे हायत, ओट्यावर बसलेले असतात." ओट्यावर बसायला वेळ आहे म्हणजे.

विमान आज उडालं. तुम्हाला त्यात रस असो वा नसो, मला कोणाला तरी सांगायचंय. भर दुपारी गेलो, सावली पायाखाली असताना. आधी पंखाखाली दोन बोटं लावून ते तोलून बघतात. माझं शेपटीवर बसत होतं, मग बॅटरी बोटभर पुढे सरकवली आणि रबराने बांधली. हुजैफाने हातात धरून समोर फेकलं, मी मोटर दिली, आणि ते गेलं, बाबा! सरळ गेलं. पहिल्याच फेरीत मी त्याला लोळण घ्यायला लावली, केशरी, पट्टे, केशरी, पट्टे. मग पोट वर करून भाताच्या खुंटांवरून इतकं खालून नेलं की खुंटांतले बगळे उठले. मग नाक वर करून जागच्या जागी उभं टांगलं, पंख्याच्या जोरावर, गुरगुरत. माझ्या हातचं होतं ते. खूप दिवसांनी मला कोणाचाच राग आला नाही.

मग मी रिमोटवरचं एक बटण बघायला मान खाली घातली.

वर बघतो तर नाही. हुजैफा पाठीशीच उभा होता, तसं आधी ठरवलं होतं. "डावीकडं! अजून डावीकडं! वर!" पण डावीकडे म्हणजे किती डावीकडे? माझा गोल आता बशीएवढा आहे, आणि आकाश केवढं असतं! शेवटी त्याने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि उतरवलं. काढून घेतला तो मायेनेच. पण काढून घेतला. परत येताना गाडीही तोच चालवत होता.

तुमच्या उत्तराची वाट न बघता मी स्वतःच ठरवून टाकलंय. काल सोनालीला सांगितलं की बाबांना दिसत नव्हतं, बाकी काही नव्हतं. आमच्या घरात आंधळेपणा लपवायला देव पुढे करतात, म्हणून आले नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच जळत होते." तिने लगेच नेरळला वडिलांना फोन लावला आणि ती शाल कपाटात आहे का बघायला सांगितलं. आहे. डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे.

तेव्हा उत्तर नाही दिलंत तरी चालेल. मला कळलं आहे.

हर्षद


खालापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षदला सुंदरा आत्याचे आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, बोलणं तुझ्या बापाचं. जसं बोलला तसं लिहिते.

"पट्टी ओली ठेवू नको. वापरलीस की पूस.

तू लिवलंस ते खरं हाय. दिस मावळला की मला दिसत नसे. तुज्या आज्याला पन नसे. म्हसोबाचं नाव आज्यानं काढलं. आंधळ्याच्या घरात पोरगी कोन देनार? नेमाच्या घरात देतात. तुजी आई आली तवा तिला पन नेमच सांगितला होता. तिला एका थंडीत कळलं. ती कोनाला बोलली नाय, तुला पन नाय. आता मला दुपारचा पन नुसता उजेड कळतो, मानूस कळत नाय.

पन तू दुसरं जे विचारलंस, त्याचं तूच उत्तर देऊन मोकळा झालास. ते चुकीचं हाय. दिसत नव्हतं हे खरं. पन दिसत असतं तरी आलो नसतो. भर दुपारचा मुहूर्त असता तरी आलो नसतो. मला ती सोयरीक नको होती. नेम हाताशी होता, तो पुढं केला. तू मला सोडवाया बघतोस, नको सोडवू. डोळ्यांवर घालू नको. डोळ्यांनी आपलं लई वाटोळं केलं, पन हे त्यांनी नाय केलं."

हर्षद, हे मी लिहिणार नव्हते. महिनाभर तो रोज सांगायचा आणि मी रोज म्हणायची, उद्या लिहू. पण तू म्हणालास गाळू नको, आणि तोही म्हणतो, गाळू नको. दोघं सारखेच खडूस.

विमानाचं तेवढं परत परत वाचायला लावतो. उलटं होऊन कसं उडतं, ते मला सांगता येत नाही.

सुंदरा


भिसेगाव
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

पत्र पोचलं. आधी वाटलं, फाडून टाकावं आणि सोनालीला सांगावं की उत्तरच आलं नाही. मग वाटलं, हेच तर आपल्या घरात आजवर चाललंय. तिच्या हातात दिलं.

तिने उभ्याने वाचलं. घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि पोळ्या लाटायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "बाबांना मी शाल काढायला सांगितली. आता त्यांना काय सांगू?" जेवलो नाही कोणी.

मला तुमचा भयंकर राग आला आहे. एक खोटं तुम्ही आयुष्यभर सांभाळलंत, मग आणखी एक माझ्यासाठी सांभाळता आलं नसतं? मी तुम्हाला आयतं ताटात वाढून दिलं होतं. तुम्हाला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तर तुम्हाला छान जमतं.

सोनाली काही दिवस माझ्याशीही कामापुरतंच बोलली. काल कपडे वाळत घालताना एकदम म्हणाली, "निदान खोटं तरी नाही बोलले. माझ्याकडच्यांत तरी कोण तोंडावर बोलतं?" आणि मग, "विमान ऐकायचंय का त्यांना? बोलव. पण घरी नको. शेतात बोलव, दुपारी." मी तिच्याकडे बघत राहिलो, तर म्हणाली, "असा बघू नकोस. मी काही बोलणार नाही त्यांच्याशी."

तेव्हा येत्या रविवारी या. विकास आत्याला आणि तुम्हाला टेंपोतून आणेल, मी त्याच्याशी बोललोय. दिवेलागणीच्या बरंच आधी घरी पोचाल. मी माफ केलंय असं समजू नका. केलंय की नाही, ते माझं मलाच माहीत नाही.

हर्षद


भिसेगाव
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

काल तुम्ही होतात, पण तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

विमान तुम्ही हाताने चाचपलंत तेव्हा बिजागरीवर तुमचं बोट थांबलं. मी वाट बघत होतो. हुजैफाने ते फेकलं तेव्हा वारा समोरून होता. पहिल्या दोन लोळणी चांगल्या झाल्या. तुम्ही विचारलंत, "आता उलटं हाय?" आणि ते खरोखर उलटं होतं. मोटरचा आवाज बदलतो म्हणालात. मला इतक्या दिवसांत तो बदल ऐकू आलेला नाही. मग मी ते उभं टांगलं. ते जागच्या जागी गुरगुरत होतं आणि तुम्ही तोंड वर करून उन्हात उभे होतात, डोळे उघडे. तुमच्या हनुवटीखाली दाढीचे खुंट राहिले होते. आत्याला म्हणावं, नीट बघून दाढी कर.

मग कोणाच्या तरी शेळ्या शेतात शिरल्या आणि हुजैफा त्यांना हाकलायला धावला. मी त्याच्याकडे बघितलं. तेवढंच पुरलं. पुन्हा आकाश रिकामं.

मी ओरडलो नाही. कोणाला ओरडणार? मोटर कमी केली आणि उभा राहिलो, की पडेल तिथे पडू दे. एवढ्यात माझ्या कानाशी तुमचा हात वर आला. "त्या अंगाला. लांब नाय. खाली येतंय." मी तुमच्या दंडापासून बघत गेलो, मनगट, मग बोट, मग बोटाच्या टोकापुढे, आणि तिथे ते होतं. केशरी. तुमचं बोट त्याच्याबरोबर सरकत होतं आणि मी बोटाबरोबर. तसंच खाली आणलं, खुंटांत पोटावर टेकवलं. पंख्याचं एक पातं मोडलं, बाकी काही नाही.

मी रडलो. तुम्हाला दिसलं नसेल, पण ऐकू आलं असेल. तुम्ही हात खाली केलात आणि विचारलंत, "बॅटरी संपली का?" मी हो म्हटलं.

हे विमान फार दिवस मी उडवणार नाही. रिमोट हुजैफाला देतोय. बनवत राहीन, हात आहेत तोवर. तुम्ही मखरं तशीच केलीत ना? शेवटची काही वर्षं नक्कीच तशी केली असणार.

आणखी एक. टेंपोतून उतरल्यावर बांधावरून तुमचा हात धरून जिने आणलं ती आत्या नव्हती. आत्या चपला हातात घेऊन मागून येत होती. सोनाली होती ती. मीच तुम्हाला धरणार होतो, पण ती आधी पुढे झाली. मला म्हणाली, "पडले तर ठपका माझ्यावरच येईल." ठरवल्याप्रमाणे ती तुमच्याशी बोललेली मला दिसली नाही आणि परतताना तुम्हाला टेंपोत बसवूनही बोलली नाही. खरं सांगतो, हे पत्र मी काल त्यासाठीच लिहायचं ठरवलं होतं. जिच्या लग्नाला भर दुपारीही आला नसतात, तिच्या हाताला धरून बांध ओलांडलात, हे आत्याच्या तोंडून तुम्हाला ऐकवायचं होतं. तुम्हाला लाजवायचं होतं.

पण आज सकाळी चहा घेताना सोनालीने सांगितलं. ती म्हणते, बांधाच्या मधोमध तुम्ही थांबलात. हात न सोडता म्हणालात, "दमानं चल, पोरी. कितवा हाय?" तिने ठरवलं होतं बोलायचं नाही, पण म्हणाली, सातवा. मग तुम्ही चार पावलं चाललात आणि पुन्हा थांबलात.

"त्या लेकराला नेम सांगू नको गं," म्हणालात. "डाक्टरकडं ने."

ती हो म्हणाली, आणि तुम्ही दोघं चालायला लागलात.

हर्षद